वायफाय, ब्लूटूथ, सिम, जीपीएस... हातातल्या मशीनमधे नक्की काय काय घालायचं?

मागच्या उन्हाळ्यात मावसभावानं माझ्यापुढं एक कागद टाकला. तो कुपवाड एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सची बारकीसारकी कामं करतो, आणि तासगावच्या बाजूच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्या अण्णांनी त्याला सांगितलेलं की हातात धरून फिरता येईल असं मशीन करून द्या, कुठल्या खोलीत कुणाच्या लॉटचे किती बॉक्स आहेत ते जागेवरच कळलं पाहिजे, वहीत लिहायचं मग ऑफिसात नेऊन परत टाईप करायचं ही भानगड नको. वीस मशीन. मोबाईलच का नाही वापरत असं मीही आधी विचारलं, तर म्हणे दोन सीझन वापरून झाले, हातमोज्यात टच चालत नाही, बॉक्सच्या थप्पीवरनं पडला की काच गेली, आणि पोरं त्यावर रील बघत बसतात. बरं, पटलं.

कागदावर ओळीनं लिहिलेलं: वायफाय, ब्लूटूथ, ४जी (जमलं तर ५जी), जीपीएस, एनएफसी (कार्ड टेकवून वाचायचं), आरएफआयडी (टॅग लांबनं वाचायचं, फास्टॅगसारखं), आणि सगळ्यात खाली प्रश्नचिन्ह टाकून 'वॉकीटॉकी?'. मी म्हटलं भावा हे मशीन आहे का लग्नातलं रुखवत, दिसेल ते मांडायला. तो म्हणाला अरे सगळ्याच्या चिप मिळतात, स्वस्त पण झाल्यात, टाकून देऊ, राहू दे आत, कधीतरी लागेल. हे 'राहू दे आत' वाक्यच घात करतं, ते का हे सांगायला हा लेख. कारण हल्ली सांगली-मिरजेत दूध डेअरी, ऊसतोडणी, हळदीची वखार, सगळीकडं असली मशीन घ्यायचा नाहीतर करून घ्यायचा विचार चाललाय आणि माहितीपत्रकावर जितके शब्द जास्त तितकं मशीन भारी असं लोक समजतात.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, की यातलं प्रत्येक वायरलेस म्हणजे रेडिओच आहे. आपलं आकाशवाणी सांगली लागतं तसाच. फरक एवढाच की लाट किती लांबीची, जोर किती, आणि बोलायची पद्धत कुठली. मीडियम वेव्हची लाट शेकडो मीटर लांब असते, म्हणून ती डोंगर वगैरे फार मनावर घेत नाही. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वीतेपेक्षा थोडी जास्त. ५ गिगाहर्ट्झची सहाच सेंटीमीटर. आता वरातीतला डीजे आठवा. दोन गल्ल्या पलीकडं असताना गाणं कुठलं ते कळत नाही पण धम् धम् मात्र घराच्या भिंतीतून आत येतं. बारीक आवाज भिंतीत मरतो, जाड आवाज आरपार येतो. रेडिओच्या लाटांचं अगदी तसंच नसलं तरी अंदाज यायला एवढं पुरे: लांब लाट लांब जाते, आडोसा सोसते, पण तिच्यावरनं माहिती कमी नेता येते. आखूड लाटेवर माहिती भरपूर बसते पण ती जवळच्या जवळ थकते. लांबचा पल्ला, भरपूर डेटा आणि कमी बॅटरी, या तिघातले दोनच एका वेळी मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडायला लागतं.

आणि पत्र्यापुढं सगळ्याच लाटा हात टेकतात. कोल्ड स्टोरेजची खोली ज्या पॅनलची असते त्यात मधे फोम आणि दोन्ही बाजूला पत्रा, वर छताला तेच, आणि दार तर विचारूच नका, चांगलं वीतभर जाड. म्हणजे अख्खी खोली हा एक पत्र्याचा डबाच. मी आणि मावसभाऊ मोबाईल हातात धरून आत गेलो, बाहेर चार कांड्या होत्या, आत चार डिग्री थंडी आणि दार उघडं असेपर्यंत दोन कांड्या. मग अण्णांनी बाहेरनं दार ओढलं, रबराचा फस्स आवाज झाला, आणि कांड्या एकेक करून गेल्या, शेवटी तिथं नुसती फुली. वायफायपण गेलं, ऑफिसातलं राऊटर भिंतीला लागून होतं तरी. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचे, तिथं उतरलं असतं तरी असंच झालं असतं, फरक एवढाच की तिथं उकडलं असतं.

तर मग पहिला प्रश्न 'कुठलं वायरलेस घालू' हा नसतोच. मशीन हातात घेऊन माणूस कुठं उभा असणार, त्या क्षणाला त्याला कुणाशी बोलायचंय, किती लांब, किती माहिती, आणि ते आत्ताच्या आत्ता गेलं पाहिजे का तासाभरानं गेलं तरी चालेल, हे आधी. शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि सगळे पैसे तिथंच वाचतात.

माहिती किती, याचा हिशोब तिथंच थप्पीला टेकून केला. बेदाण्याचा बॉक्स पंधरा किलोचा. दहा टनाची गाडी भरली तर साडेसहाशेच्या वर बॉक्स. एका बॉक्सची नोंद म्हणजे लॉट नंबर, खोली, वेळ, कुणी काढला, असं सगळं धरून शंभर अक्षरं. अख्ख्या गाडीचा डेटा सत्तर केबीच्या आत. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा शुभ सकाळचा एक फुलांचा फोटो यापेक्षा मोठा असतो! यासाठी ५जी घालणं म्हणजे पाटीभर वाळूला ट्रक. ५जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, चांगलंच आहे, पण ते ज्याला व्हिडिओ बघायचाय त्याच्यासाठी, त्याचा मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, महाग, तापतो जास्त आणि अँटेना जास्त लागतात. पहिली काट तिथं मारली.

४जी वर मात्र वाद झाला, कारण मावसभावाच्या मते सिम असलं की कुठूनही चालतं. कुठूनही नाही चालत, आत्ताच फुली बघितली की. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की सिमवालं मशीन रेंज नसलेल्या ठिकाणी गप्प बसत नाही, ते टॉवर शोधत राहतं, परत परत, आणि टॉवरची हाक अंधुक येत असली की उत्तर द्यायला पूर्ण जोर लावून ओरडतं. प्रवासात घाटात मोबाईलची बॅटरी भसाभस उतरते ती यानंच. दिवसभर थंड खोलीत राहणाऱ्या मशीनमधे सिम घातलं तर बॅटरीचा निम्मा जीव टॉवर शोधण्यात जाईल, त्यात थंडीत लिथियम बॅटरी तशीच कमी चालते. वर महिन्याला वीस सिमचा रिचार्ज.

पण अण्णांची तीन माणसं गाडी घेऊन शेडवर जातात, सावळज, कवठेमहांकाळ, जतकडं पण, तिथं मालाची नोंद जाग्यावर करायची असते. त्यांना सिम पाहिजेच. मग असं ठरलं की बोर्डवर सिमच्या मोडेमची जागा ठेवायची, पण मोडेम तीनच मशीनमधे बसवायचा. इथं दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे बँड, लाटांचा पट्टा. ४जी म्हणजे एकच लाट नसते, कंपनीगणिक वेगवेगळ्या असतात. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं तेव्हा त्यांच्याकडं २जी, ३जी काही नव्हतंच, सरळ ४जी, तेही ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर. परदेशातल्या बाजारासाठी केलेला स्वस्त मोडेम उचललात आणि त्यात यातला एखादा बँड नसला तर गावातल्या चौकात चालेल आणि वस्तीवर गेलं की मुकं, कारण लांब जाणारा ८५० चाच बँड त्यात नसणार. आणि कुणी 'फक्त २जी चा मोडेम घ्या, स्वस्त पडतो' म्हणालं तर घेऊ नका, स्वस्त पडतो कारण त्याचे दिवस भरलेत. दुसरी गोष्ट, मोडेमची कॅटेगरी. कॅट ४ म्हणजे १५० एमबीपीएसपर्यंत, त्याला दोन अँटेना. कॅट १ बिस म्हणून एक प्रकार असतो, १० एमबीपीएसपर्यंत, एका अँटेनात भागतं. सत्तर केबीला १० एमबीपीएस म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. छोट्या मशीनमधे एक अँटेना वाचली की काय आनंद होतो हे ज्यानं डबी डिझाईन केलीय त्यालाच विचारा.

जीपीएसबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय की जीपीएस असलं की मालकाला माणूस कुठं आहे ते कळतं. जीपीएस कुणाला काही कळवत नाही हो. ते नुसतं ऐकतं. वीस हजार किलोमीटर वरनं उपग्रह वेळ सांगत फिरतात, निदान चार उपग्रहांची हाक ऐकू आली की मशीन स्वतःपुरतं गणित करतं की मी इथं आहे. ते मालकाला कळवायला परत सिमच लागतं. शिवाय उपग्रह बोलतो तो सेकंदाला ५० बिट या वेगानं, म्हणून नुसतं जीपीएस चालू केलं की पहिला ठिकाणा लागायला निदान अर्धा मिनिट, झाडाखाली असाल तर जास्त. मोबाईलमधे पटकन लागतं कारण उपग्रहांचा पत्ता मोबाईल आधीच इंटरनेटवरनं उतरवून घेतो. थोडक्यात, आत पत्र्याच्या खोलीत जीपीएस म्हणजे शोभा, आणि गाडीवरच्या तीन मशीनमधे मोडेमच्या पोटातच मिळत होतं, ते घेतलं. विषय मिटला.

आता वायफाय, यावर मी जास्त वेळ घालवला कारण सतरा मशीन त्यावरच जगणार होती. खोलीत बाहेरनं वायफाय जात नाही, मग खोलीच्या आत एक ॲक्सेस पॉईंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, लावायचा आणि त्याला केबलनं जोडायचं, वायरलेसला शेवटी वायर लागते हे कुणी सांगत नाही. आत लावलं की दुसरी गंमत सुरू होते: पत्रा लाटेला बाहेर जाऊ देत नाही तसाच आतल्या आत परतवत राहतो, त्यामुळं एका जागी झकास आणि एक हात सरकलं की गायब. बेदाण्याच्या थप्प्या रचल्या की अजून निराळं, कारण बेदाणा सुका दिसला तरी त्यात शंभराला पंधरा भाग तरी पाणी असतंच, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झची लाट पिऊन टाकतं, मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच्याच आसपास चालतो. म्हणून रिकाम्या खोलीत घेतलेली टेस्ट कामाची नाही. आम्ही भरलेल्या खोलीत घेतली, आणि मधल्या बोळात अँटेना छताला लावल्यावर निभावलं.

दोन्ही बँडचं वायफाय घ्या असं माझं मत. २.४ मधे गर्दी फार, एकमेकांना न धडकणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यातच सगळ्यांचं ब्लूटूथ. ५ मधे मोकळीक असते. आणि एक जुनाट दुखणं, मशीन घेऊन माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तरी मशीन पहिल्याच ॲक्सेस पॉईंटला धरून बसतं, रेंज पार मेली तरी सोडत नाही, सासर सोडून माहेरी रमलेल्या लेकीसारखं. एक ॲक्सेस पॉईंट सोडून दुसरा धरण्याला रोमिंग म्हणतात, आणि ते नीट होतं का हे माहितीपत्रकावर कुणी छापत नाही, चालत जाऊन बघायला लागतं.

ब्लूटूथमधे आम्ही स्वतः माती खाल्ली ते सांगतो. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजावरनं ठेवलंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ब्लूटूथ या एका नावाखाली दोन वेगळी माणसं राहतात हे माहीत नसतं. एक जुनं, क्लासिक, सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलत पळणारं, त्यावर हेडफोन आणि जुने प्रिंटर चालतात. दुसरं २०१० मधे आलेलं लो एनर्जी, कमी बॅटरीवालं, घड्याळं, सेन्सर यांच्यासाठी. दोघं एकमेकांची भाषा बोलत नाहीत. मावसभावानं चिपचा नवा अवतार बघितला, लिहिलेलं 'ब्लूटूथ ५', आकडा मोठा म्हणून मागवली. गाडी सुटताना पावती द्यायला कमरेला लावायचा थर्मल प्रिंटर अण्णांकडं आधीच आठ-दहा होते, सगळे क्लासिकवाले. नव्या चिपमधे फक्त लो एनर्जी! दोन दिवस आम्ही प्रिंटर बंद-चालू करत बसलो, पेअर होतोय का, कोड चुकतोय का, शेवटी माहितीपुस्तिकेतली एक ओळ वाचली आणि दोघं एकमेकाकडं बघत बसलो. दहा बोर्ड कपाटात गेले. तर ज्या वस्तूशी जोडायचंय ती वस्तू टेबलावर आणून, जोडून, एक पावती छापून बघितल्याशिवाय चिप ठरवू नका, आकड्यावर जाऊ नका.

अजून एक, वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच चिपमधे असतात आणि एकच अँटेना वाटून घेतात, सार्वजनिक नळावर दोन घागरी असल्यासारखं. एकावर जोरात काम चाललं की दुसरं हळू होतं. पावतीपुरतं असेल तर काही अडत नाही.

आरएफआयडीचं अण्णांना फार आकर्षण, कारण ते पुण्याला जाताना तासवडे आणि आनेवाडीला फास्टॅग कसा लांबनं वाचतो ते बघतात. फास्टॅग सक्तीचा झाला फेब्रुवारी २०२१ पासून, आणि तंत्र खरंच सुंदर आहे, काचेवरच्या स्टिकरला बॅटरीच नसते, वाचणारा रीडर जी लाट सोडतो त्याच लाटेतनं वीज घेऊन तो उत्तर देतो. आपल्याकडं ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास हे चालतं. पण टोलनाक्याचा रीडर खांबावर असतो, त्याला वीज लाईनीतनं. हातातल्या मशीनमधनं तेवढी लाट सोडायची म्हणजे पंजाएवढी अँटेना, पिस्तुलासारखी मूठ आणि मोठी बॅटरी. आणि फास्टॅग काचेवर असतो, इथं ओलसर माल आणि चारी बाजूला पत्रा, दोन्ही त्याचे वैरी. कडेच्या बॉक्सचे टॅग दोन-दोनदा वाचले जातात, थप्पीच्या पोटातले वाचलेच जात नाहीत, मग मोजणीवर विश्वास कोण ठेवणार. बारकोडचं स्टिकर पैशात पडतं, टॅग रुपयात. हजारो बॉक्सला हा फरक अण्णांनी स्वतःच कॅल्क्युलेटरवर काढला आणि विषय सोडला, बारकोड स्कॅन करायचं ठरलं. कपड्यांच्या दुकानात घ्या, तिथं भारी चालतं.

एनएफसी मात्र मी हट्टानं ठेवायला लावलं. त्याची लाट २२ मीटर लांब असली तरी खरं काम चुंबकीय क्षेत्रानं चालतं, चार-पाच सेंटीमीटरच्या पलीकडं जात नाही, आणि तोच त्याचा गुण. मुकादमाच्या गळ्यात कार्ड, माल काढायच्या आधी मशीनला कार्ड टेकवायचं, कुणाच्या टोळीनं काढला ते नोंद. पासवर्ड टाईप करायला थंडीत बोटं चालत नाहीत. लांबनं चुकून दुसऱ्याचं कार्ड वाचायची भीती नाही. खर्च म्हणाल तर तांब्याची एक वेटोळी आणि छोटी चिप.

लोरा नावाचं अजून एक वायरलेस कुणीतरी सुचवलं, ते किलोमीटरनं लांब जातं पण चिमूटभर माहितीसाठी, बागेत तापमान मोजायला ठीक. वॉकीटॉकी अण्णांच्या मुलाची आयडिया होती, त्यावर मी काही बोललो नाही.

सरकारी बाजू पण बघायला लागते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून कुणालाही विना लायसन वापरता येतो, पण म्हणून मशीन कसंही विकता येत नाही, रेडिओ असलेल्या प्रत्येक उपकरणाच्या प्रकाराला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस विभागाची मंजुरी लागते. जितके रेडिओ तितके कागद. त्यामुळं सुटी चिप घेऊन स्वतः अँटेना आखण्यापेक्षा मंजुरी असलेलं तयार मॉड्यूल घेतलं तर वीस-पन्नास मशीनच्या कामाला तेच परवडतं, थोडं महाग पडलं तरी.

अँटेना कुठं बसवायची हे आम्ही पुठ्ठ्यावर ठरवलं. मावसभावानं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मशीनच्या मापाचा ठोकळा केला, आत वजनाला खिळे भरले, आणि हमालांच्या हातात दिला, म्हटलं धरा कसं धरताय. ड्रॉइंगमधे अँटेना खाली होती. बाराच्या बारा जणांनी ठोकळा खालनंच मुठीत आवळला, कारण दुसऱ्या हातानं बॉक्स सावरायचा असतो. तळहात म्हणजे पाण्याची पिशवीच, अँटेनावर तीच दाबली तर निम्मी लाट हातातच जिरणार. अँटेना वर गेली, स्कॅनरच्या काचेच्या बाजूला, आणि बॅटरी खाली, कारण बॅटरीचं धातूचं आवरण पण अँटेनाजवळ नको असतं.

आणि एवढं करूनही दार बंद झाल्यावर कधीतरी वायफाय जाणारच. म्हणून सगळ्यात जास्त वेळ जे काम खाऊन गेलं त्यात रेडिओ नव्हताच. प्रत्येक नोंद आधी मशीनच्या आत लिहायची, तिला स्वतःचा नंबर द्यायचा, संपर्क मिळाला की पाठवायची, सर्व्हरकडनं 'मिळालं' असं आल्याशिवाय खोडायची नाही, आणि तीच नोंद दोनदा पोचली तर नंबर बघून सर्व्हरनं एकदाच धरायची. अण्णांना हे समजावताना मी सौद्याच्या पावतीपुस्तकाचं उदाहरण दिलं, नंबर छापलेला, कार्बन कॉपी जवळ. लगेच कळलं.

पहिली चार मशीन खोलीत गेली तेव्हा मुकादमाला विचारलं, मामा, काय पाहिजे अजून? तो म्हणाला वायफाय फियफाय तुमचं तुम्ही बघा, बॉक्स स्कॅन झाला की नाही ते ऐकू येत नाही, पंखे केवढ्यानं ओरडतात आत. त्या संध्याकाळी आम्ही दोघं कूलरच्या पंख्याखाली उभं राहून, स्वेटर घालून, पाच प्रकारचे बझर वाजवून बघत होतो.